वही, तंबोरा आणि जुना पाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, दोन प्लॉटमध्ये. फवारणीची नोंद मी वहीत ठेवतो. वही कधी शेडात राहते, कधी गाडीत, आणि भिजली की अक्षर लागत नाही. यंदा माल निर्यातीला द्यायचा आहे आणि तिथे सगळी नोंद मागतात. पुतण्या म्हणतो ॲप घ्या, दुकानदार म्हणतो टॅब घ्या. माझा फोन साधाच आहे, अँड्रॉइडचा. काय करावं?
– एक बागाईतदार, तासगाव तालुका

उत्तर : नवीन काही विकत घेऊ नका. तुमच्याकडचा फोन या कामाला पुरेसा आहे. ॲप घ्यायचंच असेल तर आधी एवढं विचारा, की आत भरलेली नोंद साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येते का? दिसायला सुरेख असलेली कितीतरी ॲप याच ठिकाणी अडतात. चालवणाऱ्यांनी गाशा गुंडाळला की तुमच्या मागच्या हंगामांच्या फवारण्याही गेल्या. म्हणून मी सुचवेन गूगल शीट्ससारखा साधा तक्ता. त्यातली नोंद एक्सेल, सीएसव्ही, पीडीएफ अशा कुठल्याही रूपात निघते आणि कागदावर छापताही येते.

दोन प्लॉटना दोन वेगळी पानं करा, कारण छाटणीची तारीख वेगळी असणार. पानाच्या डोक्यावर ऑक्टोबर छाटणीची तारीख. खाली रकाने असे : फवारणीची तारीख, छाटणीपासूनचा दिवस, औषध, कशासाठी मारलं, प्रमाण, पाणी किती लिटर, बाटलीवरचा बॅच नंबर, काढणीपूर्व कालावधी (औषध मारल्यापासून माल काढेपर्यंत सोडायचे दिवस). ‘छाटणीपासूनचा दिवस’ हाताने भरूच नका. फवारणीच्या तारखेतून छाटणीची तारीख वजा करणारं सूत्र एकदा लिहिलं की आकडा आपोआप येतो. सल्लागार फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो, “कितवा दिवस?”

आता खरं महत्त्वाचं. शेवटी एक रकाना वाढवा : फवारणीची तारीख अधिक काढणीपूर्व कालावधी. त्या औषधासाठी या तारखेच्या आत माल काढायचा नाही. बरेच बागाईतदार फक्त शेवटच्या फवारणीचा हिशोब धरतात, आणि घोटाळा तिथेच होतो. समजा १ जानेवारीला ६० दिवसांचं औषध मारलं आणि २० जानेवारीला ३० दिवसांचं. दुसऱ्याची मुदत १९ फेब्रुवारीला संपते, पण पहिल्याची २ मार्चपर्यंत चालते. वहीत १ जानेवारीची ओळ चार पानं मागे गेलेली असते, तिच्याकडे कोण बघतो? तक्त्यात त्या रकान्यातली सर्वात मोठी तारीख काढणारं ‘मॅक्स’ सूत्र पानाच्या वर लावून ठेवा. फोन उघडला की काढणीची तारीख डोळ्यांसमोर. कालावधीचे दिवस मात्र ऐकीव धरू नका. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची निर्यातीच्या बागांसाठी औषधांची यादी असते, त्यातलेच घ्या.

औषधांची नावं दर वेळी टाइप करण्यात चुका होतात, बोलून लिहायला गेलं तर त्याहून जास्त. मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आहे आणि ‘पाऊस झाला, डाऊनी (केवडा रोग) दिसतोय, खालच्या ओळीत जास्त’ असा शेरा ती चांगला उतरवते. रासायनिक नावांची मात्र ती वाट लावते. तेव्हा पुतण्याला कॉम्प्युटरवर बसवा आणि औषधाच्या रकान्यात निवडयादी करून घ्या. मग फोनवर नुसतं बोट लावून नाव निवडायचं. बाटलीच्या लेबलचा फोटोही काढून ठेवा, बॅच नंबर लिहिताना चुकला तरी फोटोत सापडतो.

फवारणी चालू असताना फोन हातात घेऊ नका. आजच्या फोनचा पडदा बोटाच्या विजेच्या भारावर चालतो. पाण्याचे थेंब पडले की तो भलत्याच ठिकाणी दाबल्यासारखा वागतो, आणि रबरी हातमोजे घातले तर बहुधा दादच देत नाही. पातळ पारदर्शक पिशवीतून मात्र व्यवस्थित चालतो. पण माझं ऐकाल तर टाकी रिकामी झाली, हात साबणाने धुतले, की बांधावर बसून ओळ भरा. घरी जाऊन भरतो म्हणालात की राहिलं. आणि ती फाइल ‘ऑफलाइन’ करून ठेवा, म्हणजे बागेत रेंज नसली तरी लिहिता येईल. रेंज आली की नोंद आपसूक वर जाते.

दर महिन्याच्या शेवटी तक्त्याची पीडीएफ काढून पुतण्याच्या फोनवर पाठवायची. ई-पीक पाहणीची नोंद ही वेगळी, ती सरकारी ॲपवर शेतात उभं राहून करायची असते. या तक्त्याने ती भागत नाही.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे आणि गाणं शिकते. तंबोरा घरी नाही, फोनवरच्या तंबोऱ्यावर रियाज करते. पण आवाज चिरका येतो, क्लासमधल्या तंबोऱ्यासारखा भरत नाही. शिवाय मधेच बंद पडतो. चांगलं ॲप कोणतं? माझी पट्टी काळी चार आहे, म्हणजे माझा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर.
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : बाळ, ॲप बदलून हे सुटणार नाही. काळी चारला जोडीच्या तारा (मधल्या दोन) साधारण २०८ हर्ट्झवर बोलतात आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार, त्याच्या निम्म्यावर, १०४ हर्ट्झवर. फोनचा स्पीकर नखाएवढा, इतका खालचा स्वर हलवायला त्याच्याकडे हवाच नाही. तू ऐकतेस ते खर्जाच्या वरचे स्वरांश, मूळ स्वर जवळजवळ नाहीच. जुना कॉम्प्युटरचा स्पीकर किंवा घरातली म्युझिक सिस्टीम वायरने जोड. त्याच ॲपमधून किती वेगळा तंबोरा निघतो ते तुझं तुलाच कळेल. ब्लूटूथ स्पीकरही चालेल, तंबोरा अखंड वाजत असल्यामुळे थोड्या उशिराने काही बिघडत नाही. कानात इअरफोन घालून गाऊ नकोस. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकू येत नाही आणि गळा नकळत चढतो.

मधेच बंद पडतो तो बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे. पडदा काळा झाला की फोन मागे चाललेली कामं मारून टाकतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन बंधन काढून टाक. रियाजाच्या वेळी फोन विमान मोडवर, म्हणजे कुणाचा फोनही येणार नाही.

ॲपमध्ये पट्टी बारीक सरकवण्याची सोय असते. ती क्लासच्या पेटीशी जुळवून घे. जुन्या पेट्या कित्येकदा किंचित वर किंवा खाली लागलेल्या असतात, आणि घरी एक सा, क्लासमध्ये दुसरा, असं झालं तर कान गोंधळतो.

रियाजाचं रेकॉर्डिंग जरूर कर, पण फोनच्या स्वतःच्या माइकवर. ब्लूटूथच्या माइकवर केलंस तर आवाज फोनवरच्या बोलण्याइतकाच पोकळ येतो. फाइलला तारीख आणि रागाचं नाव दे आणि महिन्यातून एकदा सगळ्या फाइली कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरव. दोन वर्षांनी तुझाच यमन तुला ऐकायचा असेल, तेव्हा फोन बदललेला असणार.

आणि मिरजेत राहतेस! ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात आहेस तू. सतारमेकर गल्लीत जा. तिथले कारागीर शिकणाऱ्या मुलांना हाकलून देत नाहीत. जवारी (तारेचा झंकार) लावताना घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, दोरा कसा सरकवतात आणि एका क्षणी तार कशी उघडते, हे जवळ बसून एकदा ऐक. फोनमध्ये काय शोधायचं ते त्यानंतर कळेल.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. वाचन, नाटकं, नाट्यसंगीत, थोडा हिशोब. मोठा फोन घ्यावा की आठ इंची टॅब? डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे.
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आठ इंची टॅब घ्या. एका हातात मावतो, पडून वाचताना मनगट भरून येत नाही, आणि अक्षर मोठं केलं तरी ओळीत पुरेसे शब्द बसतात. दहा इंची घेतलात तर तो टेबलावरच राहील. दुकानात पाहताना पडदा खिडकीच्या उजेडात धरून पाहा, दुकानातल्या दिव्याखाली सगळेच चांगले दिसतात. बँकेचे व्यवहार मात्र फोनवरच राहू द्या, कारण टॅब नातवंडांच्या हातात जाणार.

वाचायला काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. आपल्या वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. पहिला खंड १९७६ मध्ये आला, एकूण वीस खंड. ते कपाटातून काढून मांडीवर घ्यायला आता आपल्याला जड जातात. टॅबवर ‘कोयना’ काढा, तिथून ‘भूकंप’वर जा, तिथून पुढे कुठेही. माझी दुपार अशी कितीदा गेली आहे, आणि फार चांगली गेली आहे.

प्रश्न : वडील औषध कंपनीचे प्रतिनिधी होते. ते गेल्यावर कपाट आवरताना त्यांचा पाम एम१०० (खिशात मावणारी इलेक्ट्रॉनिक डायरी) सापडला. कामाच्या नोंदींबरोबर आम्हा भावंडांचे लहानपणीचे बोलही ते त्यात टिपून ठेवत. नवीन सेल घातले तर तो सुरू होतो, पण आत काहीच नाही. ते परत मिळेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मीही त्याच व्यवसायात होतो आणि सातारा–कराड–पाटण–सांगली हा माझाही रस्ता. तसलाच पाम माझ्या शर्टाच्या खिशात असे. कोणत्या डॉक्टरांचा दवाखाना कोणत्या वारी बंद, कुणाला नमुने द्यायचे राहिले, केमिस्टची ऑर्डर, सगळं त्यात. मराठी अक्षरं त्यात नव्हती, म्हणून आम्ही मराठी इंग्रजी लिपीत लिहायचो, आणि तेही त्या यंत्राच्या खास वळणाने. ए काढायचा तर मधली आडवी रेघ गाळून. तुम्हाला काही सापडलं तर तसंच सापडेल, वाचताना मोठ्याने म्हणून पाहा.

यंत्रात आता काही उरलेलं नसणार. एम१०० ची स्मृती अवघी दोन एमबीची आणि ती सेलच्या विजेवर जिवंत राहायची. सेल बदलतानाही सुमारे मिनिटभराचीच सवलत असे. वर्षानुवर्षं सेलविना पडून राहिल्यावर आतलं पुसलं जातं, ते कोणताही दुरुस्तीवाला परत आणू शकत नाही. तसं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पण आशा दुसरीकडे आहे. वडील तो कॉम्प्युटरला जोडत असत का, हे आईंना विचारा. जोडला की हॉटसिंक नावाची क्रिया सगळ्या नोंदींची प्रत कॉम्प्युटरवर उतरवत असे. त्या काळचा घरातला किंवा ऑफिसातला कॉम्प्युटर शोधा, तो माळ्यावर असला तरी. चालू होत नसेल तर त्याची हार्ड डिस्क काढून आणा. तिचा रुंद चाळीस पिनांचा जोड यूएसबीला लावणारं अडॅप्टर बाजारात मिळतं. डिस्कवर ‘पाम’ नावाचा फोल्डर पाहा, त्यात वडिलांच्या नावाचा किंवा आडनावाचा उपफोल्डर असेल, आणि त्याच्या पोटात डेटबुक, ॲड्रेस, मेमोपॅड, बॅकअप. तुमचे बोल बहुधा मेमोपॅडमध्ये असतील.

काहीही उघडण्याआधी तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा आणि पुढे प्रतीवरच काम करा. मेमोपॅडमधली फाइल जुनं पाम डेस्कटॉप हे सॉफ्टवेअर उघडतं, आणि पीडीबी (पामच्या नोंदींच्या) फाइली असतील तर लिनक्सवरचं जे-पायलट. दोन्ही नसलं तरी मेमोची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. मधे चित्रविचित्र चिन्हं दिसतील, पण मेमोचा मजकूर त्यांच्यामध्ये जसाच्या तसा साठवलेला असतो. तो उचलून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, छापून घ्या आणि भावंडांना एकेक प्रत द्या. पाम कंपनी २०१० मध्ये एचपीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तो धंदा बंद केला, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर आता चालवणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार. हार्ड डिस्क सापडली तर दिवाळीची वाट पाहू नका, याच आठवड्यात बसा.