मॅग्नॉनचा ध्यास आणि नव्वद हजारांचा कोर्स

भाऊ, सादर नमस्कार.

घाटंजी तालुक्यातून आपण लिहिलेले पत्र मिळाले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपली मुलगी नागपुरात एक व्याख्यान ऐकून आली आणि तेव्हापासून तिने ‘चुंबकातील लहरींमध्ये क्वांटम माहिती साठवणे’ या विषयाचा ध्यास घेतला आहे. त्यासाठी एका खासगी संस्थेच्या ९० हजार रुपयांच्या ऑनलाइन कोर्सला कर्ज काढावे काय, असे आपण विचारता. काढू नये. तसले प्रमाणपत्र पाहून संशोधनाची प्रयोगशाळा कोणाला आत घेत नाही.

‘यात पोट भरते काय’ या आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी विषय थोडा समजून घ्यावा लागेल. पोळ्याला तोरणाखाली बैल एकाच दिशेला तोंड करून रांगेत उभे असतात. एकाने मान झटकली की शेजारचा बिचकतो, मग त्याच्या पलीकडचा, आणि एकही बैल जागा न सोडता ती हालचाल रांगेच्या टोकापर्यंत पोहोचते. चुंबकीय पदार्थात इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांच्यातले इवलेसे चुंबकच जणू, असेच एका दिशेला उभे असतात. त्यांच्यातून जाणाऱ्या लहरीची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये मांडली. त्या लहरीचा सर्वांत लहान अंश म्हणजे मॅग्नॉन. मॅग्नॉनला दुसऱ्या क्वांटम घटकाशी जोडले की त्या रचनेला ‘हायब्रिड’ म्हणतात; ते ऐकून मात्र बियाण्याचा संकर डोळ्यांपुढे आणू नये. कपाशीत तुरीच्या ओळी घ्याव्यात, तसे येथे दोन वेगळे घटक आपापले गुण राखून एकत्र नांदवतात. टोकियोतील संशोधकांनी २०१५ मध्ये यट्रियम आयर्न गार्नेट या चुंबकीय पदार्थाची खसखशीच्या दाण्याएवढी गोळी आणि अतिवाहक (विजेला रोध न करणारा) क्यूबिट, म्हणजे क्वांटम माहितीचा मूळ घटक, एका धातूच्या पोकळीत ठेवले, ते उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ थंड केले आणि सूक्ष्मलहरींमार्फत (मायक्रोवेव्ह) त्या दोघांमध्ये देवाणघेवाण घडवून आणली.

अडचण अशी की बहुतेक प्रयोगांत मॅग्नॉन सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागातच विरून जातो. त्यामुळे त्याला गोदाम समजणे चुकीचे ठरेल. तरीही त्याचा पाठपुरावा होतो, कारण तो सूक्ष्मलहरी, प्रकाश आणि कंपने या तिन्हींशी जुळतो आणि बाहेरचे चुंबकीय क्षेत्र बदलून त्याची वारंवारता हवी तशी लावता येते. व्याख्यानात हे आयुर्मान सांगितले होते काय, हे मुलीला अवश्य विचारावे. तिने ते टिपून ठेवले असेल, तर मला तिच्याविषयी अधिक खात्री वाटेल.

केवळ मॅग्नॉनवरच्या नोकऱ्या आज मोजक्याच आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून तिने आत्ता मॅग्नॉन न निवडता भौतिकशास्त्र निवडावे. आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करावी, तेथील फी खासगी अभियांत्रिकीच्या तुलनेत बरीच कमी असते. पुढे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, आणि शिष्यवृत्ती पुढेही चालू राहू शकते, म्हणजे पीएच.डी.च्या काळात आपल्या शेतीवर फारसे ओझे पडत नाही. केंद्राने २०२३ मध्ये सुमारे ६ हजार कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले असून त्याचे एक केंद्र आयआयटी मुंबईत आहे. या वाटेवर शिकायला मिळणारी सूक्ष्मलहरी मोजमाप, निर्वात यंत्रणा आणि अतिशीत तंत्र ही कामे विषय बदलला तरी उपयोगी पडतात. नातेवाईक सुचवतात ते बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते. त्याची घाई नको.

माझी खरी काळजी भाषेची आहे. जॅमची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते आणि मराठी माध्यमातून आलेली मुले पुष्कळदा उत्तर येत असूनही प्रश्नाच्या वाक्यात अडकतात. ते ९० हजार राहू द्यावेत; जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात, त्यांतील दोन प्रश्न तिने रोज वेळ लावून सोडवावेत.

आपण ओबीसी प्रवर्गाचा उल्लेख केला आहे. आयआयटीच्या प्रवेशाला नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, राज्याचा चालत नाही. तेव्हा वेचणीची धांदल सुरू होण्याआधी तहसीलला एक चक्कर मारावी.