२०१६ ची रेनॉ डस्टर डिझेल (११० पीएस), ८२ हजार किमी झालेली, फॅमिलीसाठी घ्यावी का? मॉडेल बंद झालंय, पुढे त्रास होईल का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत राहता, घरात पाच माणसं, आई-वडील सत्तरीच्या पुढचे, गाडी तुम्हाला पसंत आहे पण घरातले सगळे म्हणतायत "बंद पडलेलं मॉडेल गळ्यात घेऊ नको". हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी २०२२ च्या उन्हाळ्यात महिनाभर रोज ऐकलंय, आमच्या दाजींच्या तोंडून.

सरळ उत्तर आधी देतो. डस्टर ही गाडी म्हणून चांगली आहे, बिनधास्त घ्या. पण तुम्ही बघताय ती नेमकी गाडी चांगली आहे का, ते मला इथून सांगता येणार नाही आणि सगळा खेळ तिथंच आहे. मॉडेल बंद का चालू हे लोक उगाच डोक्यात घेऊन बसतात.

माझ्याकडं २०१५ ची ११० पीएसची डस्टर आहे (पीएस म्हणजे इंजिनची ताकद). मी तासगावचा, द्राक्षबाग आहे. मिरजेतल्या एका डॉक्टरांची एक हाती गाडी, ७१ हजार झालेले, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. मे २०२२ ला घेतली, आज १ लाख ३८ हजार झालेत. घेतली ती आमच्या अण्णांसाठी. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर महिन्यातनं दोनदा मिरजेला दाखवायला न्यायला लागायचं. आमची आधीची छोटी गाडी एवढी बुटकी की अण्णा दार धरून पाच-पाच मिनिटं नुसते उभे राहायचे, खाली वाकायची भीती वाटायची त्यांना. डॉक्टरांनी सांगितलेलं की गुडघा खुब्याच्या वर जाईल असं बसवायचं नाही. ज्यांच्या घरात हे ऑपरेशन झालंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

म्हणून गाडी बघायला जाताना मी अण्णांनाच बरोबर न्यायचो. पिकअप, स्क्रीन, सनरूफ काही बघितलं नाही, अण्णा कसे बसतात तेवढंच बघायचो. मोठ्या उंच गाड्यांना पायरीवर पाय ठेवून चढायला लागतं, ते त्यांना जमेना. डस्टरला त्यांनी सीटकडं पाठ केली, सीटची कड बरोबर मांडीच्या मागं लागली, टेकले, आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. मला हात द्यायला लागला नाही. "ही घे" म्हणाले. तिथंच ठरलं माझं.

आणि रस्ता. सांगली-पेठ रस्ता काम व्हायच्या आधी कसा होता ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तसल्या रस्त्यावर डस्टर खड्डा पोटात घेते, आतल्या माणसाला देत नाही. ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर आणि २१५/६५ आर १६ चे जाड टायर, त्याचा फरक पडतोच, पण खरी कमाल सस्पेन्शनची आहे. मी आजपर्यंत त्या किमतीत दुसऱ्या कुठल्या गाडीत असं बसलेलो नाही. अण्णा जाताना झोपायचे गाडीत.

आता दाजींचं. त्यांनाही त्याच वेळी गाडी घ्यायची होती. डस्टर २०१२ ला आली तेव्हा सगळे मागं लागले होते, २०१३ ची इंडियन कार ऑफ द इयर झाली. मग २०२० ला बीएस ६ (धुराचे कडक नियम) आल्यावर कंपनीनं डिझेल इंजिन बंद केलं आणि २०२२ ला गाडीच बंद झाली. दाजींचं म्हणणं असं की, "अरे ज्यांनी बनवली त्यांनीच सोडून दिली, तू कशाला जवळ करतोस? उद्या नट मिळणार नाही तुला. चालू मॉडेल घ्यावं, विकताना पैसे येतात." आणि हे एकदा नाही, जेवायला बसलं की तेच, फोन केला की तेच, ताईच्या समोर, पाहुण्यांच्या समोर.

त्यांनी चालू मॉडेल शोधलं. सांगलीतच एका एजंटकडं २०१८ ची गाडी, बाजारात चाललीय त्यापेक्षा लाखभर कमी किंमत. मला घेऊन गेले बघायला. गाडी अशी पॉलिश केलेली की तोंड दिसावं. दार उघडलं आणि परफ्यूमचा भपका आला, तीन-तीन लटकवलेले. पण त्या परफ्यूमच्या खाली एक वास होता आणि तो मी ओळखला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. ताईचं घर गावभागात. पाणी उतरल्यावर गावाकडनं चौघांना घेऊन मी सहा दिवस ते घर धुतलंय, कपाटाच्या खणातनं खराट्यानं गाळ काढलाय. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. आणि २०२१ च्या जुलैत परत पूर आला होता, म्हणजे आम्ही गाडी बघत होतो त्याच्या दहा महिने आधी.

मी मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट ओढला. शेवटपर्यंत, पार अडकेपर्यंत. पहिले दोन हात पट्टा स्वच्छ धुतलेला, आणि शेवटी जो भाग कायम गुंडाळलेला असतो तिथं आडवी तपकिरी रेघ. बोट फिरवलं तर बारीक माती हाताला लागली, आपल्या नदीकाठची असते तशी, पिठासारखी. सीट पुढं सरकवून खाली बघितलं तर रुळाच्या बोल्टला गंज. चार वर्षांच्या गाडीच्या आतल्या बोल्टला गंज कसा येईल सांगा.

दाजींना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "वापरलेला पट्टा मळणारच. तुझी बंद गाडी आहे म्हणून तुला माझी चालू गाडी खुपतीय." यावर काय बोलणार? ताईनं माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही. गाडी घेतली त्यांनी.

ऑगस्टमध्ये रात्री अकराला ताईचा फोन. पुण्याहून येताना पेठ नाक्याजवळ गाडी बंद पडलेली, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागलेले, काचा खाली-वर होईनात, बाहेर धो धो पाऊस आणि आत दोन पोरं. मी डस्टर काढली आणि गेलो. त्यांच्या बॅगा, पोरांची दप्तरं, पुण्याहून आणलेलं सामान सगळं डिकीत बसलं, ४७५ लिटरची डिकी आहे. पोरं इस्लामपूर यायच्या आत झोपली. दाजी पुढं बसले होते, घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. नंतर गॅरेजवाल्यानं कार्पेट उचललं तर खाली वायरिंगच्या कपलरला हिरवा गंज चढलेला, फ्यूज बॉक्समध्ये सुकलेला गाळ. आठ महिन्यांत निम्म्या किमतीला गाडी काढली. आणि आजही लग्नात भेटले की पाहुण्यांना सांगतात, "याची ती बंद पडलेली डस्टर." माझी गाडी एकदाही रस्त्यात उभी राहिलेली नाही. एकदाही नाही.

म्हणून तुमच्या घरच्यांना सांगा, गाडी बंद झालेली असण्यापेक्षा बुडालेली असणं वाईट. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जुनी गाडी घेताना पहिलं पाणी बघायचं, बाकी सगळं नंतर. बऱ्याच गाड्यांत डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघतात, पण डस्टरची स्टेपनी बाहेरनं खाली टांगलेली असते (ऑलव्हील ड्राइव्ह सोडून), त्यामुळं तिथं काही सापडणार नाही. सीटबेल्ट, सीटचे रुळ, डॅशबोर्डच्या खाली पायापाशी हात घालून कार्पेटची उलटी बाजू, एवढं बघा. इन्शुरन्सची जुनी पॉलिसी मागा, क्लेम झालाय का ते कळतं. एजंट टाळाटाळ करायला लागला की निघायचं, वाद घालत बसायचं नाही.

पार्टचं विचारलंय तुम्ही. इंजिनची काळजी अजिबात करू नका. १.५ लिटरचं ते के९के डिझेल एकट्या डस्टरमध्ये नाही, निसान टेरानो, सनी, मायक्रा, रेनॉ लॉजी, इतकंच काय महिंद्राच्या लोगन आणि व्हेरिटोमध्ये सुद्धा तेच आहे. व्हेरिटो टॅक्सीत किती पळाल्यात ते बघितलंय ना? त्यावर हात बसलेला मिस्त्री तुम्हाला सांगली-मिरजेत मिळेल. फिल्टर, बेल्ट, क्लच, ब्रेक पॅड सगळं मिळतं. बाहेरचे पार्ट मात्र थांबायला लावतात, माझा मागचा दिवा फुटला होता तो पार्टवाल्यानं तीन आठवड्यांनी आणून दिला. आणि टेरानोचं तोंड वेगळं आहे, त्यामुळं बंपर-हेडलाइट तिच्यावरनं बसवू असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

८२ हजार झालेत म्हणताय तर टायमिंग बेल्टचं बिल मागा. तोंडी "बदललाय" म्हणाले तर बदललेला नाही असंच धरायचं. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे, आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, हेड खोलायला लागतं, खर्च गाडीच्या किमतीच्या हिशोबात जातो. किलोमीटर कमी असले तरी रबर वयानं पण जातं. मी गाडी घेतली त्या आठवड्यात बिल बघत बसलो नाही, बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदम बदलून घेतलं. ते पैसे सौद्यातनं कमी करून घ्या.

११० पीएस आणि ८५ पीएस मध्ये मला विचाराल तर गावात फिरवायची असेल तर ८५ बरी. ११० ला २००० आरपीएमच्या खाली जीव नाही, टर्बो लागला की मग पळते, आणि क्लच जड आहे. मारुती चौकात तासभर अडकलात तर डावा पाय बोलतो. पण पुण्याला जाऊन-येऊन असाल तर खंबाटकीत भरल्या गाडीला सहा गिअरची ११० ती ११०. अॅव्हरेज मला हायवेला १७ च्या आसपास, गावात १३-१४. माझ्या मॉडेलला आरशाचं बटण हँडब्रेकच्या खाली आहे, ते शोधायला मला दोन दिवस लागले होते, पण सवय होते.

दिल्ली-हरियाणा पासिंगची असेल तर लांब राहा. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर बंदी आली म्हणून त्या स्वस्तात इकडं यायला लागल्या, मग एनओसी, इथला टॅक्स, नवीन पासिंग, चपला झिजतात. एमएच १०, ११, ०९ असली तरी आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) कर्जाचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि २०१६ ची म्हणजे २०३१ ला पंधरा वर्षं होतील, तेव्हा आरटीओत परत पासिंग आणि पर्यावरण कर भरायला लागेल, हे किंमत ठरवताना बोलून घ्या.

हे आधी लिहायला पाहिजे होतं, राहिलं. विकताना पैसे कमी येतात, दाजींचं तेवढं खरं आहे. दोन-तीन वर्षांत परत विकायची असेल तर डस्टर घेऊ नका, सात-आठ वर्षं वापरायची असेल तरच घ्या. आणि एअरबॅग बघा. २०१७ मध्ये ग्लोबल एनकॅपनं (गाड्या आदळून सुरक्षा तपासणारी संस्था) बिनएअरबॅगची डस्टर तपासली तेव्हा तिला शून्य स्टार मिळाले होते, ड्रायव्हर एअरबॅगवालीला तीन. खालच्या व्हेरियंटला एअरबॅगच नाहीत, तसली असेल तर फुकट मिळाली तरी घरच्यांना त्यात बसवू नका. एएमटी (आपोआप गिअर बदलणारी) असेल तर ती मी वापरलेली नाही, माझं सगळं मॅन्युअलचं आहे.

बघायला सकाळी जा, आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही यायच्या आधी चालू करायची नाही. बॉनेटवर हात ठेवा, गार आहे का बघा, मग चावी फिरवा आणि मागं कुणाला तरी धूर बघायला उभं करा. आणि आई-वडिलांना बरोबर न्या. दोघांना पुढच्या सीटवर बसू द्या, उतरू द्या, परत बसू द्या. त्यांना हात द्यायला जाऊ नका, नुसतं बघा.