भाकरी खाऊनही आईची साखर का वाढते?

मुलीकडे सहा महिन्यांसाठी इंग्लंडला गेलेल्या, एरवी परळला राहणाऱ्या एका आईंविषयी पत्र आले आहे. मुलगी लिहिते, की आईने चपाती पूर्ण बंद केली आहे, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरीच खाते, तरी जेवणानंतरची साखर उतरत नाही; तेव्हा आता नाचणी सुरू करावी, की मधुमेहींसाठी म्हणून मिळणारे महागडे पीठ आणावे?

दोन्हीच्या आधी आईच्या एका भाकरीचे पीठ काट्यावर ठेवावे, असे मी सुचवीन. पत्र वाचल्यावर मी ते स्वतः करून पाहिले. परातीत रोजच्या अंदाजाने एका भाकरीचे पीठ घेतले, ते ७० ग्रॅम भरले. घडीच्या एका चपातीला लागणारे पीठ मात्र ३० ग्रॅमच होते. गहू, ज्वारी, बाजरी आणि नाचणी या चारही पिठांत १०० ग्रॅममागे साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे माझ्या एका भाकरीतून सुमारे ४५ ग्रॅम आणि एका चपातीतून सुमारे २० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. दोन चपात्या सोडून दोन भाकऱ्या धरल्या, तर पथ्य झाल्याचे समाधान मिळते आणि कर्बोदके दुपटीहून अधिक होतात. हा हिशेब आपल्याकडे कुणी करत नाही, कारण भाकरी म्हणजे औषध अशी आपली समजूत आहे.

भाकरी वाईट आहे असे मुळीच नाही. तिच्यात तेल लागत नाही, तंतू भरपूर मिळतात आणि ती चावून खावी लागते. परंतु ती एकच आणि पातळ असावी, आणि ताटात तिच्याइतकाच मान मटकीच्या उसळीला, पालेभाजीला, घट्ट वरणाला व दह्याला मिळावा. आधी कोशिंबीर आणि उसळ खाऊन मग भाकरीला हात लावला, तर तेच जेवण साखर कमी वेगाने वाढवते. यासाठी वेगळा स्वयंपाकही करावा लागत नाही. पिठातच बदल करायचा असेल, तर तीन वाट्या ज्वारीला एक वाटी बेसन घालून धपाटे करावेत. बेसनात प्रथिने १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर असतात आणि कर्बोदके ज्वारीपेक्षा कमी. मात्र आईंना मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डाळी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

नाचणीत कॅल्शियम खूप आहे, १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त, पण साखरेच्या बाबतीत तिची कीर्ती जरा वाढवून सांगितली जाते. तिची भाकरी चालेल. नाचणीचे सत्त्व मात्र कोंडा गाळून काढलेले असते, आणि त्याची पातळ खीर साखर झपाट्याने वर नेते.

दुकानातल्या पुड्यांविषयी थोडेसे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते; 'मल्टिग्रेन' पिठात पहिले नाव गव्हाचे आणि बाकी धान्ये शेवटी असतील, तर ते गव्हाचेच पीठ समजावे. 'ग्लुटेन-फ्री' मिश्रणांत बहुधा तांदळाचे पीठ, बटाट्याचा वा टॅपिओकाचा स्टार्च असतो, आणि टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणाच. यावरून आठवले, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाऊन दुसऱ्या दिवशी पिठाला दोष देण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या पुडीवर कर्बोदकांच्या आकड्यातून तंतू आधीच वगळलेले असतात, अमेरिकेतल्या पुडीवर ते धरलेले असतात. एक बहीण इंग्लंडला आणि दुसरी अमेरिकेत असेल, तर फोनवर आकडे ताडून पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.

असाच घोटाळा साखरेच्या यंत्रावरही होतो. तिथले यंत्र साखर मिलिमोलमध्ये मोजते, आपल्याकडचे मिलिग्रॅममध्ये; म्हणून तिथले यंत्र ११.४ दाखवते आणि मुंबईच्या सवयीने आईंना तो आकडा फारच लहान वाटतो. त्याला १८ ने गुणले की आपल्याकडचे सुमारे २०५ येतात. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, म्हणजे तिथल्या १० च्या आत, हे बहुतेकांसाठी धरले जाणारे लक्ष्य आहे, आणि ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात. चार दिवस एक भाकरी व चार दिवस दोन चपात्या, सोबत तीच भाजी आणि तेच वरण ठेवून मोजावे. कोणते पीठ आईंना मानवते हे त्या वहीतूनच कळेल. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर भाकरी निम्म्यावर आणण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, नाहीतर घाम फुटून हातपाय थरथरण्याची वेळ येते.

शेवटचा प्रश्न होता, दादरहून गिरणीतले ताजे पीठ मागवावे का. बाजरीचे मुळीच मागवू नये, ते थोड्याच दिवसांत कडू होते. ज्वारीचे पीठ टिकते, पण जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना कडा फाटतात. तिथल्या भारतीय दुकानात मिळणारे पीठ बहुधा असेच असेल, तर उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी, गरम असतानाच मळावी आणि थापण्याऐवजी लाटावी. लाटलेली भाकरी पातळ होते, ५० ग्रॅम पिठातही ताटभर दिसते, आणि आईंनाही आपले जेवण कमी केल्यासारखे वाटत नाही.