सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘मला मुलंच आवडतात.’ आम्ही कॅथलिक आहोत. त्याला काय सांगू?

आधी पूर्ण ऐकून घ्या. वसईत आमच्या युवक गटातला एक मुलगा खुर्च्या आवरताना, माझ्याकडे न बघता हेच बोलला होता. हातातली खुर्ची खाली ठेवायचंही त्याला सुचेना. त्याला तेव्हा बायबलचं वचन नको होतं. मी तिथून निघून जात नाही ना, एवढंच तो बघत होता.

समलैंगिक संबंध चर्चला मान्य नाहीत, हे लपवू नका. पण कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाच्या (कॅटेकिझम) परिच्छेद २३५८ मध्ये अशा माणसांना आदराने, करुणेने स्वीकारा, अन्यायाने भेदभाव करू नका, असंही आहे. तेही त्याला वाचून दाखवा.

‘बरा करतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे मुळीच नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. आणि त्याला विचारल्याशिवाय फादरनाही सांगू नका.