विचारा की : ‘कुत्री आहे म्हटलं की कोण नेईना’

प्रश्न : नमस्कार ताई, मी शहापुरात भाड्यानं राहते, वरचा मजला. पावसाच्या तोंडावर गाडीनं ठोकरलेली एक कुत्री गटारीत पडलेली दिसली, मागचा पाय मोडलेला. गल्लीतल्या पोरांच्या मदतीनं दवाखान्यात नेली, पाय जुळलाय पण थोडी लंगडते. तपकिरी आहे, दीडेक वर्षाची असेल असं डॉक्टर म्हणाले, स्वभावानं अगदी गरीब. घरमालकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, फोन पण भरपूर आले, पण कुत्री आहे म्हटलं की ‘मग नको, पिल्लं घालेल’ म्हणून ठेवून देतात. आता खानापूरकडचे एकजण शेतावर राखणीला नेतो म्हणालेत, उद्याच गाडी घेऊन येतो म्हणतात. देऊ का? आणि पैसे घ्यावेत का?

— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, उद्या देऊ नका. माणूस वाईट असेल असं म्हणत नाही मी, पण न बघितलेल्या घरी मुकं जनावर पाठवायचं नाही एवढंच. माझ्याकडून हे एकदा झालंय. फोनवर गोड बोलणाऱ्या एकांना मी एक पिल्लू दिलं, घर बघायला गेले नाही, आणि पंधरा दिवसांनी गेले तर ते भर उन्हात हातभर साखळीला, पाण्याचं भांडं कोरडं. परत आणलं त्याला, पण त्याच्या मानेवरचा तो व्रण अजून डोळ्यासमोरनं हलत नाही.

आधी कुत्रीचा प्रश्न सोडवूया कारण तो सुटण्यासारखा आहे. ऑपरेशन करून घ्या. मादी साधारण सहा-सहा महिन्यांनी माजावर येते आणि त्रेसष्टच्या आसपास दिवसात विते, म्हणजे लोकांची भीती काय खोटी नाही, पण नसबंदी झाली की ती भीतीच संपली. पाय जुळलाय तर भूल कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारा, टाके सुकायला दहा-बारा दिवस धरा. त्यातच रेबीजची लस आणि सेव्हन-इन-वन म्हणतात ती, एकाच टोचणीत बऱ्याच रोगांवरची लस, जंताचं औषध, गोचीड बघून घ्या, आणि सगळं एका कार्डावर लिहून घ्या. मग मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत टाका की ऑपरेशन झालेलं आहे, लसी झाल्यात. आणि मेसेज मराठीत आणि कन्नडात दोन्ही लिहा बरं का, आपल्याकडं अर्धे फोन कन्नड बोलणाऱ्यांचेच येतात आणि चांगलं घर कुठल्या भाषेत बोलतं ते आधी कुठं कळतं. लंगडते ते लपवू नका, उलट चालतानाचा व्हिडिओ टाका, म्हणजे ज्यांना चालत नाही ते आपोआप बाजूला होतात आणि जे येतात ते बघून येतात.

आता शेतावरचं. शेत म्हणजे वाईटच असं माझं मत नाही, ऊसाच्या बांधावरनं मोकळं फिरणारी, घरच्या पोरांमागं पळणारी कुत्री मी बघितलीत आणि ती शहरातल्या फ्लॅटमधल्यापेक्षा सुखी असतात. पण रात्री तिथं माणूस असतो का हे विचारा. मळ्यात नुसतं कुत्रं बांधून मालक गावात झोपायला जाणार असेल तर अजिबात नको. खानापूरकडं जंगल आहे, बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे ताटात वाढलेलं जेवण, आणि तुमची लंगडी, तिला पळता पण यायचं नाही. अहो २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या बेळगाव शहरात गोल्फ कोर्सपर्यंत आला होता, मग खानापूरचं काय सांगायचं. राखणीला पाहिजे म्हणणाऱ्यांना हे पण विचारा की ती भुंकलीच नाही तर काय करणार. गरीब स्वभावाची आहे म्हणता, मग तिच्याकडनं राखण व्हायची नाही, आणि मग चार महिन्यांनी ‘काय उपयोगाची नाही’ म्हणून सोडून देतील.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन या, कुत्रीला घेऊन जा, पण त्या दिवशी ठेवून येऊ नका. घरातली बाई काय म्हणते ते ऐका, कारण भाकरी तीच घालणार. सोपा, परडं, गेट बंद होतं का, आधीचं कुत्रं होतं तर ते कशानं गेलं, हे सगळं चहा पिता पिता कळतं. भाड्याचं घर असेल तर मालकाचा होकार तुमच्यासमोर घ्या, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पैसे घेऊ नका असं मी म्हणेन. पण ऑपरेशनचा नाहीतर पुढच्या लसीचा खर्च त्यांनी उचलावा असं जरूर म्हणा, जो त्याला तोंड वाकडं करतो तो उद्या आजारपणात दवाखान्यात नेईल का? एका कागदावर नाव, पत्ता, सही घ्या आणि त्यात लिहा की जमलं नाही तर कुत्री तुमच्याकडंच परत येणार, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, सोडायची तर नाहीच. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि सुप्रीम कोर्टानं पण २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलंय की रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेतलं की ते परत रस्त्यावर येणार नाही ही घेणाऱ्याची जबाबदारी.

आणि घरमालकांना हात जोडून दिवाळीनंतरचे पंधरा दिवस मागून घ्या. फटाक्यांच्या दिवसात नव्या घरी दिलेलं कुत्रं पहिल्या आवाजाला दार फोडून पळतं आणि त्याला तिथला रस्ता माहीत नसतो, मग सापडत नाही. नाहीच ऐकलं तर तेवढे दिवस ओळखीत कोणाकडं तरी ठेवा, पण फटाके संपल्याशिवाय द्यायची घाई नको.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी एक वाचवलेलं कुत्रं घरी आणलंय. कॉटखालनं बाहेर येत नाही, खात नाही, रात्री नुसतं कण्हतं. चूक झाली का आमची? परत देऊ का?

— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही हो, थांबा. ते घाबरलंय. सांभाळणारे लोक सांगतात की तीन दिवस नुसती भीती, तीन आठवडे घर समजायला, तीन महिने तुम्हाला आपलं म्हणायला. कॉटखालनं ओढू नका, पोरांना वाकून वाकून बघू देऊ नका. भात आणि उकडलेलं अंडं, नाहीतर आळणी चिकन हाडं काढून, कॉटजवळ ठेवा आणि उठून जा. कांदा-लसणाची आमटी घालू नका, ती त्यांना बाधते. पाणी पण पीत नसेल, उलटी-जुलाब असेल, तर मात्र आजच दवाखाना. आणि ज्यांच्याकडनं आणलं त्यांना फोन करून विचारा त्याला कुठल्या भाषेत हाक मारायचे, कारण कन्नड घरात वाढलेलं असलं तर तुमचं ‘ये ये’ त्याला कळतच नसेल, एकदा ‘बा बा’ म्हणून बघा.