वाचकांचे प्रश्न : सायबेरियातला कोरा चहा

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात खडकवासल्यातनं पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला आणि आम्ही नेहमीसारखे झेड ब्रिजवर नदी बघायला. तेव्हा लेकीने विचारलं, हा सगळा पालापाचोळा समुद्रात जाऊन पुढे काय होतो? मी ठोकून दिलं, तळाशी बसतो. तर म्हणे, मग आर्क्टिकमधल्या नद्या एवढा कार्बन समुद्रात नेतात तो पण बसतो का, तिथे तर थंडीत काही कुजत नसेल ना? मी गप्प. आणि दक्षिण ध्रुवाकडेही असंच असतं का?
— एक बाबा, कोथरूड

उत्तर : बाबा, तुम्ही अर्धे बरोबर आहात, पण उरलेला अर्धाच जास्त इंटरेस्टिंग आहे.

आधी रंगाचं बघू. पुरातली मुठा म्हणजे दुधाचा चहा, सगळी मातीच, ग्लासात भरून रात्रभर ठेवलं तर सकाळी खाली गाळ आणि वर बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. ओब, येनिसेई, लेना या सायबेरियातल्या नद्यांचं पाणी म्हणजे कोरा चहा. गाळ येतोच, पण गाळून घेतलं तरी तपकिरी रंग जात नाही, कारण पानं, शेवाळ, दलदलीतली माती यांचा अर्क त्यात विरघळलेला असतो. हा विरघळलेला कार्बन वर्षाला साधारण साडेतीन कोटी टन आर्क्टिक महासागरात जातो, आणि तो महासागर केवढासा तर जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम 1 टक्का, पण जगातल्या नद्यांचं 10 टक्क्यांहून जास्त पाणी त्याच्या वाट्याला येतं. म्हणजे टोपात पाणी कमी आणि चहापत्ती भरपूर.

आता याचं होतं काय. बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही तुमच्या लेकीसारखंच वाटायचं की हा अर्क बॅक्टेरिया फारसे खात नाहीत, तसाच समुद्रात पसरतो. गोम होती ती नमुने कधी घेतले त्यात. तिथे नदीवर जायला सोयीचा काळ म्हणजे उन्हाळ्याचा उत्तरार्ध, पण खरा लोंढा येतो मे-जूनमध्ये, बर्फ फुटतं तेव्हा, आणि फुटत्या बर्फावर बाटल्या भरायला कोण जाणार! शेवटी लोक गेले. अलास्काच्या उत्तरेकडच्या नद्यांवरचा 2008 सालचा अभ्यास आहे, त्यात लोंढ्याच्या वेळचं पाणी बाटलीत ठेवलं तर तीन महिन्यांत त्यातला 20 ते 40 टक्के विरघळलेला कार्बन बॅक्टेरियांनी संपवला, आणि भर उन्हाळ्यातल्या पाण्यात मात्र जवळपास काहीच फरक नाही. चवीचं ते आधीच फस्त, मागे नुसता चोथा, तो बघून आपण म्हणत होतो इथे कुणी जेवतच नाही. थंडीत कुजणं मंदावतं, थांबत नाही. फ्रिजमध्ये विसरलेली कोथिंबीर आठवा.

खाल्लेल्याचा होतो कार्बन डायऑक्साइड. त्यातला काही हवेत जातो, काही पाण्यातच राहून पाणी जास्त आम्लधर्मी करतो, पूर्व सायबेरियाच्या उथळ समुद्रात हे चांगलंच दिसतं. सूर्यप्रकाशही हा रंग तोडतो, पण एक तर वरती बर्फ आणि दुसरं म्हणजे पाणीच एवढं गडद की ऊन फार खोल जात नाही.

तळाशी बसणारा भाग वेगळाच. नदीचं गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की मीठ तुरटीसारखं काम करतं, बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि खाली बसतात. गंमत म्हणजे विरघळलेला अर्क बहुतेक ताज्या झाडापाल्याचा असतो आणि गाळातला कार्बन हजारो वर्षं जुना, कायम गोठलेल्या जमिनीतून खरवडून आलेला, कार्बन-14 ने (काळाबरोबर ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) वय काढलं की हे कळतं. हा जुना माल मातीच्या कणांना घट्ट धरून बसतो. कॅनडातली मॅकेंझी नदी असा वर्षाला साधारण 22 लाख टन कार्बन समुद्रात नेते असं 2015 मध्ये मोजलं गेलं, आणि त्यातला बराचसा तळात पुरला जातो. तर तुम्ही लेकीला सांगितलं ते इथपर्यंत खरं!

उरलेला अर्क बर्फाखालून वाहत ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये निसटतो. तिथल्या पाण्यातही लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, सापडतं, आणि लिग्निन समुद्रातली शेवाळं बनवत नाहीत, ते जमिनीवरच्या झाडांचंच. म्हणजे सायबेरियातल्या सूचीपर्णी झाडांचा पत्ता अटलांटिकमध्ये लागतो.

चिंतेची बाब एकच, आणि ती मोठी आहे. त्या गोठलेल्या जमिनीत सध्या हवेत आहे त्याच्या साधारण दुप्पट कार्बन साठलेला आहे. जानेवारीत सोलून ठेवलेले मटार आणि मे महिन्यात दोन दिवस लाईट नाही, असं समजा. जमीन वितळतेय तसा नदीत जुना माल वाढणार, मग त्यातला किती पुरला जातो आणि किती खाल्ला जातो याच्यावरच शास्त्रज्ञांची सध्या भांडणं चालू आहेत.

दक्षिण ध्रुवाचं उत्तर छोटं आहे, तिथे मोठ्या नद्याच नाहीत. सगळ्यात लांब ऑनिक्स, तीसेक किलोमीटरची, वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने वाहते, आणि तीही समुद्राकडे पाठ फिरवून आत वांडा नावाच्या सरोवरात जाते.