‘पर्सर’ला ‘खजिनदार’ म्हणावे काय?

अठराव्या शतकातील ब्रिटिश युद्धनौकांविषयीच्या मजकुराचे भाषांतर करताना ‘पर्सर’ या हुद्द्यासाठी ‘खजिनदार’ हा प्रतिशब्द चालेल काय, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. ‘पर्स’ म्हणजे पैशाची थैली आणि ती सांभाळणारा तो पर्सर, अशी व्युत्पत्ती असल्यामुळे हा शब्द सहज सुचतो. तरीही त्या काळापुरते माझे उत्तर नकारार्थी आहे, कारण ब्रिटिश नौदलातील तेव्हाच्या पर्सरच्या हाती खलाशांचा पगार नसेच. पगार वाटण्यासाठी वेतन कचेरीची माणसे बंदरात जहाजावर येत, आणि तोवर तो महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे थकलेला असे.

पर्सरकडे होती ती कोठी. बिस्किटे, खारवलेले मांस, वाटाणे, लोणी, चीज, बिअर हा शिधा 1683 साली स्थापन झालेल्या रसद मंडळाच्या वखारीतून येई आणि त्याचा हिशेब पर्सरला चुकता करावा लागे. कोळसा, जळण, मेणबत्त्या मात्र तो ठरावीक भत्त्यातून स्वतः खरेदी करी; त्यात काही उरले तर ते त्याचे, कमी पडले तर खिशाला खार. खलाशांना कपडे विकण्यावर त्याला दलाली मिळे, तंबाखूचा व्यापार तर बहुतांशी त्याचाच. नेमणुकीपूर्वी त्याला जामीन द्यावा लागे. थोडक्यात, हा गृहस्थ अर्धा अधिकारी आणि अर्धा दुकानदार होता, आणि त्याच्या हुद्द्यातील ती थैली पुष्कळदा त्याची स्वतःचीच असे.

या दुहेरी भूमिकेचा खरा उलगडा ‘पर्सरचा पौंड’ या शब्दप्रयोगात होतो. पौंडाचे औंस सोळा. पर्सर तोलून देई तो पौंड मात्र चौदा औंसांचा. साठवणीत बिस्किटांना कीड लागते, पिंपे गळतात, चीज सुकते, म्हणून आठवा हिस्सा घट म्हणून कापून घेण्याची मुभा त्याला होती. खलाशाला रोज एक पौंड बिस्किट मिळावे असा नियम होता. म्हणजे आठवड्याला त्याच्या ताटातून चौदा औंस जात, नेमका पर्सरचा एक पौंड! घट खरोखर तेवढी झाली नाही, तर फरक कोणाच्या पदरात पडे हे खलाशांना सांगावे लागत नव्हते. एप्रिल 1797 मध्ये स्पिटहेड येथे आरमाराने बंड पुकारले, तेव्हा पगारवाढीबरोबरच पौंड सोळा औंसांचा करावा ही मागणी पुढे आली आणि ती मान्यही झाली. सगळेच पर्सर गबर झाले असे मात्र समजू नये. नासलेल्या मालाचा हिशेब मंजूर झाला नाही, तर तोच भरून देता देता माणूस कर्जात बुडे. खलाशांना अर्थात याची कीव नव्हती. मेलेल्या खलाशाच्या नावावरही पर्सर तंबाखू मांडतो, या अर्थाची थट्टा त्यांच्यात रूढ होती.

आता मराठी शब्दाकडे वळू. ‘खजिनदार’ म्हटले की रोकड डोळ्यांपुढे येते, शिधा येत नाही. ‘कारखानीस’ हा शिवकालीन शब्द धान्य आणि सामान यांच्या व्यवस्थेशी जोडलेला असल्याने जवळचा आहे, पण त्यात खासगी नफ्याची छटा अजिबात नाही. सैन्याला धान्य पुरवणारा ‘मोदी’ अर्थाने सर्वांत अचूक बसला असता, परंतु आजच्या वाचकाला तो आडनावापलीकडे दिसणे कठीण आहे. म्हणून ‘कोठावळा’ हा शब्द मी पसंत करतो. तो जुना आहे, कळतो, आणि ‘कोठावळ्याचा पौंड’ असे म्हटले की उपरोधही उतरतो.

1852 साली ब्रिटिश नौदलाने पर्सरचे नाव बदलून ‘पेमास्टर’ केले. तेथून पुढच्या मजकुरात आपला ‘पोतनीस’ चपखल बसतो. ‘पोते’ म्हणजे खजिना, आणि मुळात तीही थैलीच. अमेरिकेचे वेळापत्रक निराळे आहे. तेथील पर्सर पगारही वाटत असत, हुद्द्याचे नाव 1860 मध्ये बदलले, आणि 1919 मध्ये त्या शाखेला पुरवठ्याचे नाव मिळाले. त्यामुळे अमेरिकी मजकुरात 1860 पूर्वीच्या पर्सरलाही ‘पोतनीस’ म्हणता येईल, ब्रिटिश मजकुरात नाही. ब्रिटिश खलाशांच्या बोलीत ‘पर्सर’चा ‘पसर’ झाला आणि जे जे सरकारी, शिस्तीचे, वरून आलेले ते ते ‘पसर’ ठरले. हा शब्द संवादात आला, तर तेथे कोठावळा आणू नये, ‘सरकारी’ एवढेच पुरे.